दोन खेळांच्या मधे

दिलीप, फोन वाजला की हल्ली मला भीती वाटते. शाळेत मी तो कपाटात टाकून वर्गावर जाते, आणि तास संपला तरी कपाट उघडायला हात धजत नाही. त्या मंगळवारी असाच वाजला होता. पलीकडून गजूभाऊ नुसता "बाई, बाई" करत होता. त्याने काहीतरी बोलायला तुला फोन लावला होता आणि तो तुझ्या भावाने उचलला होता. गजूभाऊला पुढचं बोलता येईना आणि मला पुढचं ऐकायचं नव्हतं. शेवटी त्याच्या दुकानात हार घ्यायला आलेल्या कुणा गिऱ्हाइकाने त्याच्या हातून फोन घेतला. "ताई, कोनी दिलीपभाऊ म्हणून होते, ते गेले म्हनते हे." तुझी बातमी मला एका अनोळखी माणसाने दिली. असं मी खेळात घातलं असतं, तर तू म्हणाला असतास, "जमवून आनलं ना, काढून टाक."

मला तुझा राग आला आहे. नियम तूच केला होतास. दोन खेळांच्या मधे कोणी मरत नाही. मरायचं तर मैदानात मरायचं, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, आणि मेल्यावर उठून पाणी प्यायचं आणि घरी जायचं. हे तू प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचास. आणि स्वतः गेलास कधी, तर मागचा खेळ होऊन गेलेला आणि पुढचा अजून यायचा. बरोबर मधे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या रेल्वेतल्या एका साहेबांनी मला मांडवाच्या कडेला गाठलं. "मॅडम, दिलीप दर महिन्याला त्या बंद जिनिंग मिलमध्ये काय करायचे हो? नाटक होतं का?" मी म्हटलं, नाटक नाही. प्रेक्षक नसतात, लिहून दिलेले संवाद नसतात. थोडी अमरावतीची, थोडी आम्ही अकोल्याची, अशी मोठी कर्ती माणसं महिन्यातून एका रविवारी बडनेऱ्याजवळ जमतो, जुने कपडे चढवतो आणि दिवसभर पाणथडी नावाच्या गावात राहतो. गाव खोटं. तिथली गढी म्हणजे सरकीचं जुनं गोदाम आणि तिथलं तळं म्हणजे निळी ताडपत्री. मी गढीतली खाष्ट म्हातारी. फुलवाला गजूभाऊ म्हणजे रानातल्या टोळीचा म्होरक्या रानबा. नुकतीच वकिलीची सनद घेतलेली प्रणिता म्हणजे गढीची बाईसाहेब. "आणि दिलीप?" साहेबांनी विचारलं. दिलीप कोणीच नाही, मी म्हटलं. गाव त्याचं.

"मग बाकीचा महिना?"

नेमका तोच प्रश्न. मी सांगितलं की बाकीचा महिना पाणथडी बंद नसते. तिथले लोक मधल्या दिवसांतही काहीतरी करत असतात, आणि काय करतात ते ज्याने त्याने दिलीपला फोन करून सांगायचं असतं. साहेब म्हणाले, "म्हणजे ते ड्युटी संपली की प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन फोनवर असायचे, ते हे? आम्हाला वाटायचं शेअर बाजार करतात." मी मांडवात मोठ्याने हसले, दिलीप. तुझ्या फोटोसमोर. लोकांनी वळून पाहिलं आणि मग मला रडू आलं.

आपण त्याला 'मधलं' म्हणायचो. "भाऊ, माझं मधलं सांगाचं राह्यलं." कोणी म्हणायचं, रानबा या महिन्यात घोडी चोरते. तू म्हणायचास, "बरं. मंग?" तो आणखी थोडं सांगायचा. पुन्हा "बरं. मंग?" असं करत करत माणूस असं काही बोलून जायचा, जे त्याने मुळीच ठरवलेलं नसायचं. त्याचं पुढे काय झालं, ते मात्र तू फोनवर कधी सांगितलं नाहीस. ते पुढच्या रविवारी जिनिंगच्या फाटकात, एकेकाच्या कानात. हात पाठीमागे बांधलेले, तोंडात लवंग. "घोडी लंगडी निघाली. अन् ती कोनाची हाय, ते तळ्यावरच्या बाईले माहीत हाय." एवढं ऐकून माणूस आत शिरायचा तो घाबरलेलाच. दिवसभर त्याला वेगळा अभिनय करावा लागत नसे.

तू यातलं काहीही लिहून ठेवत नव्हतास. त्यावरून आपलं किती वाजलं! "लिहिलं का ते ठरलं, वर्षा. डोक्यात हाय तोवर त्याले हलवता येते." मी म्हणायची, "अन् डोकंच गेलं तर?" तू हसायचास. मीही हसायची.

मला तू पकडलंस तेही बडनेऱ्यालाच, तिकिटाच्या रांगेत. मधे घुसणाऱ्या एकाला मी फैलावर घेतलं होतं. तू मागून म्हणालास, "ताई, तुमच्यासारखी सासू आमाले कवाचीच पाहिजे होती." मी वळले ती तुलाही झाडायलाच. पुढच्या रविवारी नऊवारी नेसून सरकीच्या गोदामात बसले होते. माझ्या तिखट जिभेचं कोणाला काही काम असू शकतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. घरी तर सगळे माझ्यापासून जपून राहायचे.

बाबा गेले त्या महिन्यात मी कोणाशी बोलत नव्हते. तुझा फोन आला. सांत्वनाचं अक्षर नाही. "वर्षा, मधलं?" अशी चीड आली. म्हटलं, म्हातारी या महिन्यात घराबाहेर पडत नाही. "बरं. मंग?" तिला जेवावंसं वाटत नाही. "बरं. मंग?" मंग काही नाही दिलीप, ती दाराकडे तोंड करून बसून राहते, कोणी येणार नाही याचीही तिला भीती वाटते आणि कोणी येईल याचीही. त्यावर तू 'मंग' म्हणाला नाहीस. नुसता फोन धरून राहिलास, गाड्या येत-जात ऐकू येत होत्या. रविवारी फाटकात तू माझ्या कानात म्हणालास, "म्हातारीच्या दाराशी रोज कोनतरी भाकर ठेवून जाते. कोन ते माहीत नाही." दिवसभर मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत फिरले, हा असेल का, ही असेल का. घरी आले आणि पोटभर जेवले. कोण ठेवत होतं ते मी तुला विचारलं नाही. तुझे आभार मानायचेही राहून गेले.

आणि आता तो सोमवार. तू जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला, आणि कधी नव्हे ते तू दुसऱ्यांचं मधलं मला सांगितलंस.

"दोन मधले एकावर एक आले, वर्षा. प्रणिता म्हनते, बाईसाहेब एकटी घोड्यावर रानबाले भेटाले निघते. बोलणी कराले. अन् गजूनं आजच सांगतलं, त्यानं त्याच रस्त्यावर मानसं बसवली. गढीतून जो येईन त्याले सोडायचं नाही म्हनते. दोघाइले एकमेकाचं माहीत नाही."

"मंग सरळ हाय. गेली बाईसाहेब."

"मधल्यात कोनी मरत नाही."

"काहून नाही? तिनं ठरवलं, त्यानं ठरवलं, तू कोन मधे पडनारा? कोनी मरतच नाही तर भीती कायची राह्यली?"

"भीती पाहिजे. मरन नाही. दोन अलग गोष्टी हायेत, वर्षा. तू रविवारी घरी ये, तवा भांडू."

"भांडायचं काय त्यात? मरू दे."

मागे गाडीची घोषणा सुरू झाली आणि फोन कटला. म्हणजे तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं 'मरू दे' हे आहे. मी गणित शिकवते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला फळ्यावर मांडून दाखवता येईल. तरी उपयोग नाही. रस्त्यात कोणी कोणाला सहज 'मरू दे ना बाप्पा' म्हटलं, तरी मी थांबून मागे पाहते.

खेळ बंद करू नका, असं तुझ्या बायकोनेच, सुजाता वहिनींनीच, सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुमीच बाई." कोणी काय मधलं सांगितलं होतं ते सगळं तुझ्याबरोबर गेलेलं. म्हणून मी निरोप धाडला की ज्याने त्याने आपलं मधलं मला पुन्हा सांगावं. मला भीती फोनची, आणि कामच फोनचं.

आणि काय सांगितलं असेल लोकांनी? विहिरीत विष कालवायला टपलेल्या वैद्याने म्हणे महिनाभर फुकट औषधं वाटली. खबऱ्याने कोणाची चहाडी केली नाही. प्रणिता म्हणाली, "बाईसाहेब गढीतच होती ताई, धान्य वाटून राहिली होती." गजूभाऊने तर कमाल केली.

"रानबा भजनाले बसला, बाई."

"बरं. मंग?" मी म्हटलं. तुझे शब्द माझ्या तोंडात उसन्या कपड्यासारखे वाटत होते.

"मंग काही नाही. भजन."

आपल्या घरांत सुतक पाळत नाहीत, दिलीप, पण तुझं सुतक अख्ख्या पाणथडीने पाळलं. आधी मला वाटलं, तुझा मान म्हणून करताहेत. मग माझं डोकं फिरलं. सगळे गुंड साधू झाले, तर रविवारी गोदामात जमून करायचं काय, एकमेकांना नमस्कार? ज्या गावात कोणाला कोणाची धास्ती नाही, ते गाव दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नाही, हे तुझंच म्हणणं. तू इतकी वर्षं जिवंत ठेवलेलं गाव माझ्या हातात एका दिवसात मरणार, असं मला दिसायला लागलं. आणि निदान दोघं खोटं बोलताहेत हे माहीत असणारी मी एकटी. ते कोणाला सांगायचं, तर मी काय म्हटलं होतं तेही सांगावं लागणार.

खेळाच्या कपड्यांची पेटी आणायला बडनेऱ्याला तुझ्या घरी गेले. वहिनींनी चहा केला. तुझा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. त्याच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "बंद कराले मन होत नाही. पन वर्षाताई, तो वाजते. रोज कोन ना कोन लावते. मी उचलतो, तर कोनी बोलत नाही, नुसता श्वास आयकू येते. नाव दिसते ना, आपलेच लोक हायेत. गजूभाऊ तर रोज. मले भेव वाटते हो." मी चहा तसाच ठेवला आणि अकोल्याची गाडी पकडली.

गजूभाऊ दुकानात झेंडू ओवत बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "गजूभाऊ, रानबा भजनाले नव्हता बसला. त्यानं रस्त्यावर मानसं बसवलती. दिलीपनं सांगतलं मले."

त्याची सुई थांबली. "कोनाले सांगू नका, बाई."

"त्यात लपवायचं काय? खेळ हाय."

"मी सोमवारी त्याले सांगतलं, जो येईन त्याले सोडायचं नाही. मंगळवारी सकाळी उठलो, तं मनाले बरं नाही वाटलं. म्हटलं भाऊले सांगतो, मानसं उठवली रस्त्यावरची. फोन लावला, तं त्याच्या भावानं उचलला." गजूभाऊ हातातल्या माळेकडेच पाहत होता. "मी रोज लावून पाहतो. मले सांगाचं हाय ना त्याले, का उठवली म्हनून."

मी तिथेच फुलांच्या पोत्यावर बसले. तर हे असं होतं. मान नव्हता, सुतक नव्हतं. सगळे भेदरले होते. ज्याने विष कालवायचं सांगितलं होतं तो, ज्याने माणसं बसवली होती तो, प्रत्येकाला वाटत होतं की आपण काहीतरी वाईट बोललो आणि ते तुला लागलं. म्हणून जो तो आपलं मधलं घाईघाईने पुसत सुटला होता. प्रणितालाही मी नंतर विचारलं. तिने बाईसाहेबांना एकटं रस्त्यावर पाठवलं होतं, आणि एकटं जाणं अशुभ म्हणून तिने ते परत घेतलं होतं. वकील आहे ती, दिलीप.

मग मी गजूभाऊला माझं सांगितलं. 'मरू दे' म्हटलं होतं ते. पहिल्यांदाच कोणाला तरी. त्याने मला पाणी दिलं. मी म्हटलं, "मानसं उठवू नका. बसू द्या. मधल्यात कोनी मरत नाही, दिलीपचा नियम हाय."

"मंग तो कसा गेला?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि गजूभाऊ मोगरा मोजायला उठला.

आपलं भांडण तू जिंकलास. भीती आणि मरण अलग आहेत. मरण एकदा आलं आणि त्या मंगळवारीच आटोपलं. भीती रोज सकाळी माझ्याबरोबर उठते, दात घासते, शाळेत येते. ती पेलायला माणूस जिवंतच लागतो. हे मला पटलं आहे आणि ते ऐकायला तू नाहीस, याचा मला इतका संताप येतो की समोर असतास तर दोन शब्द ऐकवलेच असते.

आज शनिवार. उद्या फाटकात मला उभं राहायचं आहे, प्रत्येकाच्या कानाशी वाकायचं आहे. दुपारी मी काय सांगायचं ते मनात जुळवत बसले आणि मधेच उठले. माझ्या तोंडून पुन्हा काही भलतं निघालं तर? मग मीही तेच केलं जे सगळे करत होते. तुझा नंबर लावला.

वहिनींनी उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली. माझा आवाज फुटेना. त्यांना नाव दिसलं असणार, पण त्याही काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी आता नुसत्या श्वास ऐकत राहणार आणि त्यांना आणखी एका फोनची भीती बसणार, असं वाटून मी कसंबसं म्हटलं, "वहिनी, वर्षा बोलतो. मधलं सांगाचं होतं."

इतकी वर्षं त्यांनी स्वयंपाकघरातून तुझं फोनवरचं अर्धं बोलणं ऐकलं आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग?"

मग मी सांगायला लागले. बाईसाहेब एकटीच निघते. रस्त्याच्या वळणावर घोडं बुजतं आणि पुढे जाईना. ती उतरते, झाडीत माणसं बसलेली तिला दिसतात. घोडं तिथेच सोडून ती पायी परत येते. रानबाच्या माणसांच्या हाती नुसतं घोडं लागतं. रानबाला वाटतं, त्यांच्यातल्याच कोणीतरी तिला सावध केलं; कोण ते माहीत नाही, आणि आता त्याला स्वतःच्याच माणसांची धास्ती.

"बरं. मंग?" वहिनी थांबल्या नाहीत.

मंग ती गढीशी पोचते, मी म्हटलं. अजून थरथरत असते. दार उघडं आहे, आणि उंबऱ्यात कोणीतरी भाकर ठेवून गेलं आहे.